दानाच्या वाफ्यात काय लावायचं?

अमेरिकेत ८ ऑगस्टला काही हौशी लोक एक गमतीचा सण पाळतात. रात्री गुपचूप जाऊन शेजाऱ्याच्या ओसरीवर झुकिनी ठेवून यायची, एवढाच त्याचा विधी. झुकिनी दिसायला काकडीसारखी, कुळाने भोपळ्याची. दोन रोपं लावली तरी ऐन उन्हाळ्यात घरच्यांना खाऊन संपत नाही इतकी धरते; चार दिवस तोडायची राहिली की कोपरापर्यंतच्या हाताएवढी होते आणि मग ती कोणाच्या तरी गळ्यात बांधावी लागते. विनोद निरुपद्रवी आहे. पण त्याच आठवड्यांत गावोगावच्या फूड बँकांच्या दारात, स्वयंसेवकांनी चालवलेल्या सामुदायिक बागांमधून गरजूंसाठी जी क्रेटं येऊन पडतात, त्यांतही बऱ्याचदा झुकिनीच वर दिसते, तेव्हा हसू थोडं आखडतं. शेजारी निदान दुसऱ्या रात्री ती परत आणून ठेवू शकतो. रांगेतल्या माणसाला ती सोय नाही.

अशा बागांबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक कौतुकाचं असतं, आणि कौतुकाला आधार म्हणून एक आकडा दिला जातो: यंदा इतके पौंड भाजी वाटली. कौतुक खोटं नाही. दुसऱ्यासाठी वाफे खणणं, तण काढणं, जुलैच्या उन्हात पाणी घालणं हे काम कोणी सक्ती नसताना करतं, ही साधी गोष्ट नव्हे. पण माझं म्हणणं असं की गरजूंसाठी पिकवणाऱ्या बागेची परीक्षा वजनकाट्यावर होत नाही. बियाणं मागवण्याआधी जी यादी होते, ती कोणी केली, हे तिथे पाहायला हवं. ज्याला ते खायचं आहे त्याचा त्या यादीत काही शब्द नसेल, तर बाग कितीही हिरवीगार असो, ती उरलेलं वाटण्याचीच एक देखणी व्यवस्था होऊन बसते.

वजनाचा हिशोब का रुजला, हे समजण्यासारखं आहे. फूड बँकेला ट्रक, शीतगृह, शेल्फ यांचा मेळ घालायचा असतो. देणगीदारांना अहवाल द्यायचा असतो. आणि मोजायला पौंडाइतकं सोपं दुसरं काही नाही. फक्त भाजीच्या बाबतीत हे माप फसवं आहे. झुकिनी, कोबी, काकडी यांचं वजन म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. उलट कोथिंबीर, पुदिना, मिरची काट्यावर जवळजवळ काहीच भरत नाहीत. डब्यातल्या उकडलेल्या राजम्याला ज्या चार काड्यांनी आपल्या घरची चव येते, त्या अहवालात शून्याच्या घरात जातात. माप असं असलं की बाग हळूहळू मापाला धार्जिणी होते. पुढच्या वर्षी कोथिंबिरीच्या जागी कोबी येतो, आणि तो का आला हे कोणी विचारत नाही, कारण आकडा वाढलेला असतो.

१९९५ मध्ये अलास्कातल्या अँकरेज शहरात बागकामावर स्तंभ लिहिणाऱ्या जेफ लोवेनफेल्स यांनी वाचकांना सुचवलं की आपल्या बागेत एक ओळ भुकेल्यांसाठी जादा लावा आणि तिचं पीक गावातल्या बीन्स कॅफे या मोफत जेवणगृहाला द्या. कल्पना इतकी सोपी होती की पुढे बागलेखकांच्या संघटनेने ती उचलली आणि देशभर पसरवली. समित्या नाहीत, जागेचा प्रश्न नाही. हात मातीत आहेतच, आणखी एक ओळ ओढायची. या उपक्रमाबद्दल मला आदर आहे. पण त्याची मर्यादाही त्याच्या सोपेपणातच आहे. जादा ओळ कशाची असणार? बागवाला जे लावतो त्याचीच. त्याला जे आवडतं, त्याच्या मातीला जे मानवतं, ज्याचं बी पाकिटात उरलेलं असतं, ते. देणारा मनाने उदार असतो, पण त्याच्या कल्पनेची धाव त्याच्या स्वतःच्या ताटापलीकडे जात नाही, आणि जावी अशी काही योजनाही नसते.

आता पहिला आक्षेप, आणि तो जमाखर्च जाणणाऱ्या माणसाचा आहे म्हणून गंभीरपणे घ्यायला हवा. तो म्हणतो, ही सगळी बागच अव्यवहारी आहे. शिकलेला, चांगला पगार घेणारा माणूस शनिवारची सकाळ घालवून टोपलीभर गाजरं काढतो. त्या तासांची कमाई त्याने फूड बँकेला दिली असती तर घाऊक बाजारातून पोती आली असती. बटाटा, कांदा, तांदूळ, डबाबंद कडधान्य यांच्या बाबतीत त्याचं म्हणणं बिनतोड आहे, आणि ते नाकारण्यात वेळ दवडू नये. मात्र फूड बँक ही संस्था कुठल्या तर्कावर उभी आहे तेही पाहावं. १९६७ मध्ये अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल यांनी पहिली फूड बँक सुरू केली, ती दुकानं चांगलं अन्न फेकून देतात हे पाहून. वाया जाणारं वाचवावं, भुकेल्याला द्यावं, हा विचार उत्तम. पण त्यामुळे गरिबाच्या शेल्फवर काय यावं हे बाजारात काय उरलं यावरून ठरू लागलं. पाव, बिस्किटं, डबे भरपूर उरतात आणि टिकतात. पालेभाजी उरते तेव्हा ती मान टाकलेली असते. जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या लागतात असं सांगते. पोट भरण्याची सोय झालेल्या घरातही नेमका हाच भाग अपुरा पडतो.

म्हणजे हिशोबी माणसासमोर बागेला उभं राहायला दोनच जागा आहेत. एक ताजेपणा: सकाळी कापलेला पाला दुपारी कोणाच्या तरी पिशवीत असतो, आणि मधे कुठलंही शीतगृह नसतं. दुसरी जागा जास्त महत्त्वाची: बाग ते पिकवू शकते जे बाजार ठेवतच नाही, किंवा ठेवतो ते गरिबाला न परवडणाऱ्या भावाने. या दोन्ही जागा सोडून बाग जर कोबी आणि झुकिनीच पिकवणार असेल, तर हिशोबी माणूस जिंकला. त्याला उत्तर नाही. यादी कोणी केली हा प्रश्न म्हणूनच मी भावनेपोटी काढत नाही. बाग असावी की नसावी याचं आर्थिक उत्तरही त्याच प्रश्नात अडकलेलं आहे.

घेणाऱ्याची गरज दुरून कळत नाही, कारण ती फार बारीक असते. ज्याला घरच नाही त्याच्याकडे चूल नाही. त्याला बटाटा देणं म्हणजे ओझं देणं. त्याच्या कामाची भाजी म्हणजे चेरी टोमॅटो, कोवळ्या मटारच्या शेंगा, लहान काकडी, धुऊन तशीच तोंडात टाकता येईल असं काही. एका खोलीत विजेच्या शेगडीवर रांधणाऱ्या बाईला तासभर शिजणारं बीट परवडत नाही. म्हाताऱ्या माणसाला दात नसतात, त्याला कच्चं गाजर कसं चालेल? बसने दोन टप्पे बदलून जाणाऱ्याला सहा पौंडांचा कोबी गैरसोयीचा, जुडी सोयीची. यातलं काही शास्त्र नाही, आणि कोणत्याही पुस्तकात ते शोधावं लागत नाही. फक्त कोणीतरी विचारावं लागतं.

आणि चवीचा प्रश्न तर याहून खोल जातो. अमेरिकेतल्या बहुतेक बागांत नवख्या स्वयंसेवकाला तण ओळखायला शिकवतात, त्या यादीत जाड, रसरशीत पानांची, जमिनीलगत पसरणारी एक वनस्पती हमखास असते. ती म्हणजे आपली घोळ. उपटून खताच्या ढिगावर टाकली जाते. मेक्सिकोतून आलेलं कुटुंब तीच वनस्पती बाजारातून विकत आणतं आणि हिरव्या टोमॅटिलोच्या रस्सा-चटणीत डुकराच्या मांसाबरोबर शिजवतं. आपल्याकडे डाळ घालून तिची भाजी होते. राजगिऱ्याच्या जातीतला माठ तिथे तणच. थोडं कडवट हसू येतं ते या विचाराने की दुसऱ्याला भाजी मिळावी म्हणून राबणारे हात त्याच दुसऱ्याची भाजी मुळासकट उपटत असतात, आणि कोणाच्याही मनात तिळमात्र वाईट हेतू नसतो.

याच्या उलट काय घडू शकतं, त्याचा सर्वांत मोठा दाखला लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातला आहे. १९८० च्या दशकात शहराने तिथली सुमारे १४ एकर जमीन कचरा जाळण्याच्या प्रकल्पासाठी सक्तीने संपादित केली. वस्तीतल्या लोकांनी, मुख्यतः कृष्णवर्णीय स्त्रियांनी पुढाकार घेऊन, तो प्रकल्प हाणून पाडला. जमीन पडून राहिली. १९९२ च्या दंगलीत त्या भागाची राखरांगोळी झाली आणि त्यानंतर ती जागा रस्त्यापलीकडच्या लॉस एंजेलिस रीजनल फूड बँकेला वापरायला मिळाली. तिथे फूड बँकेने स्वयंसेवक आणून आपल्या शेल्फसाठी भाजी पिकवली नाही. तिने जमिनीचे तुकडे पाडून वस्तीतल्याच गरीब कुटुंबांना दिले. सुमारे ३५० कुटुंबं, बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली. त्यांनी मका लावला, नोपाल नावाचं निवडुंग लावलं, ज्याचे काटे काढून भाजी करतात. पापालो लावलं, तिखट वासाचं, जे मांसाच्या पदार्थांवर कच्चंच चुरडून घालतात. आपल्या तागाच्या जातकुळीतलं चिपिलीन लावलं, ज्याची पानं मक्याच्या पिठात मळतात. केळी, अॅव्होकॅडो, पेरू लावले. गोदामांच्या आणि रेल्वेमार्गाच्या मधोमध शंभराहून जास्त जातींच्या वनस्पती तिथे नांदत होत्या. यांतली फार थोडी नावं एखाद्या सदिच्छ समितीच्या यादीत आली असती. कदाचित एकही नाही.

इथे मला जे महत्त्वाचं वाटतं ते पिकांचं वैविध्य नव्हे. ते तर परिणाम म्हणून आलं. महत्त्वाचं हे की रांगेत उभं राहणाऱ्याला भाजीबद्दल काही माहीत असतं, ही गोष्ट एका संस्थेने गृहीत धरली. त्यातल्या कित्येकांच्या मागे शेतकऱ्यांच्या पिढ्या होत्या. मक्याच्या बुंध्याशी घेवडा चढवायचा आणि खाली भोपळा पसरू द्यायचा, हे त्यांना कुठल्या शिबिरात शिकवण्याची गरज नव्हती. गरजू म्हटलं की आपण त्या माणसाच्या हाती काय नाही याची मोजदाद करतो. त्याला काय येतं याचा रकाना अर्जात नसतो. आपल्याकडे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो नेमका उलट्या भरवशावर: जमिनीवर उभा असलेला शेतकरी हाच प्रयोग करणारा आणि ज्ञान निर्माण करणारा. त्यांचा विषय दान नव्हता, पण तो भरवसा दानाच्या बागेलाही लागतो.

कल्पना नवीनही नाही. १८९३ च्या मंदीनंतर डेट्रॉइटमध्ये हजारो कामगार बेकार झाले, तेव्हा महापौर हेझन पिंग्री यांनी १८९४ मध्ये शहरातल्या पडीक जमिनी बेकार कुटुंबांना कसायला दिल्या. लोकांनी टिंगल केली. ‘पिंग्रीचे बटाट्याचे वाफे’ हे नाव कुचेष्टेनेच पडलं. वर्गणी मागितली तर चर्चमधून फुटकळ रक्कम जमली, म्हणून महापौरांनी आपला उमदा घोडा लिलावात काढला. पहिल्याच वर्षी सुमारे ४३० एकरांवर साडेनऊशेच्या आसपास कुटुंबांनी पीक घेतलं, आणि खर्चाहून बरंच जास्त किमतीचं घेतलं. स्थलांतरितांसाठी सूचना एकाहून जास्त भाषांत छापल्या होत्या, ही बारीकशी गोष्ट मला त्या सगळ्या आकड्यांहून बोलकी वाटते. गरीब आळशी असतात, त्यांच्या हातून काही होणार नाही, असं म्हणणाऱ्यांची तोंडं निदान एका हंगामापुरती बंद झाली.

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा सहृदय आहे: गरजूंना स्वतःची बाग कसायला वेळ कुठे आहे? दोन-दोन नोकऱ्या करणारी आई, डायलिसिसवर असलेला माणूस, गुडघे गेलेली आजी यांनी कुदळ मारावी असं म्हणणं म्हणजे मदतीच्या नावाखाली वेठबिगार. बरोबर आहे. लॉस एंजेलिसचा नमुना सगळीकडे चालणार नाही, आणि भाजी हवी तर आधी राबा अशी अट घालणारी बाग मला झुकिनीवाल्या बागेपेक्षाही वाईट वाटते. पण ठरवणं आणि खणणं ही दोन वेगळी कामं आहेत. खणणं स्वयंसेवकांनी करावं, आनंदाने करावं. त्यासाठीच ते आलेले असतात. ठरवायला गुडघे लागत नाहीत. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात बियाणं जानेवारी-फेब्रुवारीत मागवतात. त्या दिवसांत फूड बँकेच्या रांगेत कोणी वही घेऊन बसलं, मागच्या वर्षी काय नेलं आणि काय शेल्फवर पडून राहिलं याची नोंद समोर ठेवली, आणि तुमच्या घरी काय शिजतं असं त्यांच्या भाषेत विचारलं, तर अर्धी यादी तिथल्या तिथे होते. नेहमीचा दोष हा की विचारणा होते ती वाटपाच्या वेळी, पीक हातात असताना. तेव्हा आवडलं का, एवढंच विचारता येतं, आणि फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर मिळत नाही.

कोणी म्हणेल, लोकांना विचाराल तर ते नको तेच मागतील, आहारतज्ज्ञांना जास्त कळतं. बागेच्या बाबतीत ही भीती व्यर्थ आहे. वाफ्यात चिप्सची पाकिटं उगवत नाहीत. माती आणि हवामान जे देतील त्यातूनच निवड होणार. लोक चुकून चुकून किती चुकतील, मुळ्याऐवजी मिरची मागतील. खरी मर्यादा हवामानाची आहे. सिअॅटलच्या थंड उन्हाळ्यात भेंडी धरत नाही, मग ती मागणारा पूर्व आफ्रिकेतला असो की आपल्या खानदेशातला. तिथे नाही म्हणावंच लागतं. पण विचारून नाही म्हणणं आणि न विचारता कोबी देणं यांत फरक आहे, हे ज्याला कधी तरी दुसऱ्याच्या घरी आश्रयाने राहावं लागलं आहे त्याला समजावून सांगावं लागणार नाही.

सर्वांत जड आक्षेप मात्र जमिनीचा आहे. टीकाकार लॉस एंजेलिसकडेच बोट दाखवून म्हणतो: तुमच्या त्या आदर्श बागेचं काय झालं? २००३ मध्ये शहराने ती जमीन पूर्वीच्या मालकांपैकी एकाला परत विकली. कुटुंबं न्यायालयात गेली, निदर्शनं झाली, नट-नट्या झाडावर चढून बसल्या. मालकाने १ कोटी ६३ लाख डॉलर मागितले, ते जमवण्याचा प्रयत्नही झाला, पण सौदा झाला नाही. १३ जून २००६ रोजी पोलिसांनी जागा रिकामी केली आणि उभ्या पिकावर बुलडोझर गेले. मिसिसिपीत फॅनी लू हेमर यांनी १९६९ मध्ये ४० एकरांवर सुरू केलेली फ्रीडम फार्म सहकारी शेतीही अशीच गेली. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्याबद्दल मळ्यावरून हाकलल्या गेलेल्या त्या बाईने भाजी आणि डुकरं यांच्या आधाराने गरीब कुटुंबं उभी करायचा घाट घातला. शेती शेकडो एकरांपर्यंत वाढली, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यात कर्ज, कर आणि हवामान यांच्या ओझ्याखाली संपली. मग ज्यांच्यामागे वजनदार स्वयंसेवक आणि संस्था आहेत, अशाच बागा टिकतात, हे मान्य का करू नये?

मी अर्धं मान्य करतो. १९९९ मध्ये न्यूयॉर्क महापालिका शंभराहून जास्त सामुदायिक बागांचा लिलाव करायला निघाली तेव्हा त्या वाचल्या, त्या अभिनेत्री बेट मिडलर यांची संस्था आणि एक राष्ट्रीय जमीन-न्यास यांनी पैसे टाकून त्या विकत घेतल्या म्हणून. सातबाऱ्यावर नाव नसेल तर कोथिंबीर कोणाच्या आवडीची होती याला न्यायालयात किंमत नाही. पण याचा अर्थ एवढाच की जमीन सुरक्षित करणं हे वजनदार लोकांचं खरं काम आहे. ओळख, वकील, नगरसेवकाकडे वट, देणगीदारांचे फोन नंबर हे ज्यांच्याकडे असतं त्यांनी ते जमिनीच्या करारावर खर्च करावं. कोबी की माठ यावर आपलं मत देण्याची त्यांना गरज नसते. सिअॅटलच्या इंटरनॅशनल डिस्ट्रिक्टमध्ये १९७५ मध्ये एका व्यावसायिकाने आपली डोंगरउतारावरची जमीन अशीच वापरायला दिली. डॅनी वू यांच्या नावाने ती बाग ओळखली जाते. तिथे तुटपुंज्या उत्पन्नावर जगणारी आशियाई वृद्ध मंडळी आपापल्या वाफ्यात आपापला पाला लावत आली. देणाऱ्याने जमीन दिली आणि बियाण्यात नाक खुपसलं नाही.

हे सगळं परदेशाचं आहे असं म्हणून सोडून देता येणार नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने आपल्याकडे पात्र माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. भाजी त्यात नाही. ती उणीव भरण्यासाठी महाराष्ट्रात शाळांच्या आवारात, अंगणवाड्यांशेजारी परसबागा होत आहेत, बचत गटांच्या स्त्रिया पोषण परसबागा लावत आहेत. नंदुरबारच्या पाड्यावर पावसाळ्यात बांधाला काय उगवतं आणि पोरं काय आवडीने खातात, हे तिथल्या बाईला पाठ असतं. बियाण्याची पाकिटं तालुक्याहून येतात. दोघांची गाठ पेरणीआधी पडते की फोटो काढण्याच्या वेळी, एवढंच मी पाहीन.

एक प्रश्न उरतो, आणि तो स्वयंसेवकांच्या बाजूने आहे. मनासारखं लावायला मिळणार नसेल तर लोक येतील कशाला? माणूस केवळ कर्तव्यासाठी चिखलात हात घालत नाही. आपण लावलेल्या वांग्याचा पहिला बार पाहण्यात सुख असतं, आणि ते सुख काढून घेतलं तर शनिवारची हजेरी घसरेल. घसरेलही. यावर तोडगा सिअॅटलनेच फार पूर्वी काढला होता. १९७० च्या सुमारास बोईंगने हजारोंनी कामगार कमी केले, शहरात अन्नवाटपाच्या रांगा लागल्या, तेव्हा पिकार्डो कुटुंबाच्या मळ्यावर शाळकरी मुलांनी त्या वाटपासाठी भाजी पिकवावी अशी योजना एका तरुणीने काढली. मुलांना मदत करायला आलेल्या घरांना कडेचे छोटे तुकडे स्वतःसाठी दिले गेले. १९७३ मध्ये शहराने ती जागा भाड्याने घेतली आणि त्या कडेच्या तुकड्यांतूनच शहरभरच्या बागांचा पसारा उभा राहिला. कडेच्या तुकड्यात ज्याने त्याने हवं ते लावावं, अगदी झुकिनीही. मधल्या वाफ्यांची यादी रांगेतल्या लोकांकडून यावी, आणि ती भिंतीवर त्यांच्या भाषेत लागावी, म्हणजे काय पेरलं आहे आणि ते कधी हाताशी येणार हे त्यांनाही स्वयंसेवकांइतकंच आधी कळेल.